कोल्हापूर–मिरज रेल्वेमार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर–मिरज हा जेमतेम ४८ किलोमीटरचा मार्ग. शाळेचा प्रकल्प करणारी मुलं, जुन्या पेठांचा अभ्यास करणारे, रोज मिरजेला ये-जा करणारे नोकरदार आणि पावसाळ्यात "आज गाडी आहे का?" असं विचारणारे प्रवासी, या सगळ्यांचे प्रश्न फिरून दोन गोष्टींपाशी येतात. मार्ग एकेरी आहे आणि तो कोल्हापुरात संपतो. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींतूनच निघतात.

कोल्हापुरात रेल्वे कधी आली?

पायाभरणी ३ मे १८८८ रोजी झाली आणि एप्रिल १८९१ मध्ये वाहतूक सुरू झाली. लांबी २९ मैल, गेज (दोन रुळांतलं अंतर) मीटर. खर्च कोल्हापूर संस्थानाचा, म्हणून नाव 'कोल्हापूर स्टेट रेल्वे'. गाड्या चालवायचं काम मात्र सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होतं. त्याच सुमारास या कंपनीचा पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा हा मुख्य मार्ग तयार होत होता. तो मिरजेवरून गेल्यामुळे कोल्हापूर पश्चिमेला बाजूला पडत होतं. मुख्य मार्गाला जोडून घ्यायचं तर संस्थानाला स्वतःचा फाटा टाकणं भाग होतं. कोल्हापूरला येणारी गाडी आधी मिरजेला का जाते, याचं मूळ त्या आखणीत आहे.

शाहू महाराजांनी रेल्वे आणली, हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. पायाभरणी त्यांच्याच हस्ते झाली. पण महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे तेव्हा त्यांना चौदावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. राज्याधिकार त्यांच्या हाती आले २ एप्रिल १८९४ रोजी, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर तीन वर्षांनी. रेल्वेचा निर्णय आणि कंपनीशी झालेला करार ते अल्पवयीन असतानाच्या काळातल्या कारभाराचा आहे. प्रकल्पात किंवा भाषणात हा फरक जरूर नोंदवावा.

त्यामुळे महाराजांचं श्रेय कमी होत नाही. त्यांचं खरं काम रूळ पडल्यानंतर सुरू झालं आणि आमच्या मते ते जास्त अवघड होतं. नुसत्या रुळांनी व्यापार येत नाही. माल उतरवायला जागा, गोदामं, अडत्ये आणि पेढ्या लागतात. १८९५ मध्ये त्यांनी स्टेशनला लागून शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. बाहेरच्या व्यापाऱ्यांना तिथे जागा मिळाल्या आणि गुळाचा बाजार उभा राहिला. पुढे याच मार्गावर त्यांनी जयसिंगपूर वसवलं. कोल्हापूरची रेल्वे उतारूंइतकीच मालावर जगली, ती या पेठांमुळे.

मार्गावर कोणकोणती स्टेशनं आहेत? कुठे कशासाठी उतरायचं?

कोल्हापूरच्या स्टेशनचं अधिकृत नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, आरक्षणातला कोड केओपी. तिथून निघाल्यावर गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग मिरज. रुकडीच्या अलीकडे पंचगंगा लागते, जयसिंगपूरच्या पुढे कृष्णा.

गूळ मार्केट स्टेशन शाहू मार्केट यार्डाजवळ आहे. गांधीनगरच्या कापडबाजारात जायचं तर वळिवडे सोयीचं. रुकडीजवळच माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथे अस्पृश्यांची परिषद झाली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. इचलकरंजी आणि कुंभोजच्या बाहुबलीसाठी हातकणंगले. निमशिरगाव-तमदलगे हा हॉल्ट (छोटा थांबा) आहे, तिथे फक्त पॅसेंजर गाड्यांचा विचार करावा. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूरला जाणाऱ्यांनी जयसिंगपूरला उतरून एसटी धरावी.

जयसिंगपूरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. जुन्या कागदांत या स्टेशनचं नाव 'शिरोळ रोड' असं येतं, कारण शिरोळ गाव रुळांपासून आत आहे आणि स्टेशनभोवती वस्ती नव्हतीच. १९१७ मध्ये महाराजांनी तिथे नवं गाव आखलं आणि त्याला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. रस्ते काटकोनात काढले आणि गल्ल्यांना क्रमांक दिले. आजही तिथले पत्ते गल्लीच्या क्रमांकाने सांगतात. आधी स्टेशन आणि मग गाव, असा क्रम आपल्या भागात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मीटर गेज का होतं आणि ब्रॉड गेज कधी झालं?

मीटर गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर १,००० मिलिमीटर, ब्रॉड गेज म्हणजे १,६७६. अरुंद गेजला भराव कमी रुंद लागतो, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आखूड चालतात, पूल हलके चालतात, वळणं जास्त तीव्र घेता येतात. थोडक्यात, मैलामागचा खर्च कमी. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर दक्षिणेत धान्य पोचवण्यासाठी लवकर आणि स्वस्तात मार्ग हवे होते. सदर्न मराठा रेल्वे १८८२ मध्ये स्थापन झाली ती याच गरजेतून.

ब्रॉड गेज कोल्हापुरात १९७१ मध्ये आलं. त्याआधीची ऐंशी वर्षं मुंबईचा माल पुण्यापर्यंत ब्रॉड गेजच्या वाघिणीत (मालडब्यात) यायचा. तिथे हमाल तो उतरवून मीटर गेजच्या वाघिणीत भरायचे. यात वेळ जायचा, हमाली दोनदा पडायची आणि फुटतूट व्हायची. गुळासारख्या मालाचं तर यात फार नुकसान.

गेज बदलणं म्हणजे रूळ थोडे सरकवणं, असा समज असतो. तसं नसतं. मीटर गेजचा लाकडी स्लीपर साधारण १.८ मीटर लांब, ब्रॉड गेजचा पावणेतीन मीटर. म्हणजे आधी भराव दोन्ही बाजूंनी रुंद करायचा, तो दबू द्यायचा आणि खडीचा थर वाढवायचा. इंजिन-वाघिणींचं दर आसामागचं (चाकांच्या जोडीमागचं) वजन वाढतं, त्यामुळे पुलांचे गर्डर (खांबांवरच्या तुळया) बदलायचे किंवा मजबूत करायचे, जुने खांब तो भार पेलतात का ते तपासायचं. डबे रुंद असल्याने फलाटाची कड मागे घ्यायची, सिग्नलचे खांब हलवायचे. शेवटी सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) बदलायचे. नवीन भराव नीट दबला नाही तर पहिल्याच पावसात रूळ खचतो आणि गाडीला वेगमर्यादा लागते. गेज बदलल्यावर सुरुवातीचे काही महिने गाड्या हळू चालतात, त्याचं कारण हेच.

मिरजेत बरीच वर्षं तिन्ही गेज होते: पुणे-कोल्हापूर ब्रॉड, लोंढ्याकडे मीटर आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे ७६२ मिलिमीटरचा नॅरो. लोंढ्याचा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, पंढरपूर–मिरज २०१० मध्ये. कोल्हापूरहून सोलापूरकडे थेट गाडी जाऊ लागली ती त्यानंतरच.

गुळाचा आणि रेल्वेचा संबंध नेमका काय?

कोल्हापुरी गुळाचा मोठा ग्राहक पहिल्यापासून गुजरात. बैलगाडीने एवढा लांबचा बाजार धरता येत नाही. रेल्वेने तो आवाक्यात आणला आणि शाहूपुरीतल्या अडत पेढ्या वाढल्या.

गूळ वाहतुकीला नाजूक असतो. तीस किलोचा रवा (ढेप) दिसायला दगडासारखा, पण दमट हवेत ओल धरतो. बाहेरून पाझरायला लागला की रंग काळवंडतो आणि भाव पडतो. म्हणून गुऱ्हाळं थंडीत पेटतात आणि पावसाळ्याआधी माल बाहेर काढायची घाई असते. वाघीण वेळेवर मिळाली नाही, किंवा मिळाली पण छप्पर गळकं निघालं, की सगळा हिशेब बिघडायचा. भरताना वाघिणीच्या तळाला चटया किंवा पाचट पसरणं, रवे दारापासून आत सरकवून रचणं, ही काळजी घ्यावी लागायची. पुढे हा व्यापार ट्रककडे गेला, कारण ट्रक पेढीच्या दारातून थेट गुजरातच्या दुकानापर्यंत जातो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

हा मार्ग कोणाकोणाच्या ताब्यात होता?

मालकी संस्थानाची, चालवणारी कंपनी सदर्न मराठा. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. १९४४ मध्ये ती सरकारने घेतली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १४ एप्रिल १९५१ पासून दक्षिण रेल्वे, १९६६ नंतर दक्षिण मध्य रेल्वे आणि आता मध्य रेल्वेचा पुणे विभाग. महालक्ष्मी एक्सप्रेसचा क्रमांक १७४११ पाहा. कोयनेचा ११०२९ आहे. पाच आकड्यांतला दुसरा आकडा झोन सांगतो, १ म्हणजे मध्य आणि ७ म्हणजे दक्षिण मध्य. मुंबई–कोल्हापूर धावणारी गाडी अजून दक्षिण मध्यच्या मालिकेत आहे, ती अशी.

गाडी मध्येच का थांबवून ठेवतात? सिग्नल बिघडतो का?

बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं, क्रॉसिंग असतं. कोल्हापूर–मिरज एकेरी मार्ग आहे. समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्टेशनातल्या लूप लाईनवर (बाजूच्या जादा रुळावर) एकमेकींना ओलांडू शकतात. हॉल्टला लूप नसते.

हातकणंगल्याला क्रॉसिंग असेल तर क्रम असा: मिरजेकडून येणारी पॅसेंजर आधी पोचली की सांधे लूपकडे वळवून तिला आत घेतात, वेग साधारण ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरवून. ती पूर्ण आत आली, शेवटचा डबा सांध्याच्या पुढे सरकला, याची खात्री झाली की सांधे परत मुख्य लाईनकडे फिरतात. मग कोल्हापूरकडून येणाऱ्या एक्सप्रेसला सिग्नल मिळतो. ती निघून जाऊन पुढच्या टप्प्याची 'लाईन क्लिअर' (रूळ मोकळा असल्याची परवानगी) मिळेपर्यंत पॅसेंजर हलत नाही. एक्सप्रेस वेळेवर असेल तर हे दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. ती रुकडीलाच वीस मिनिटं उशिरा असेल, तर तो उशीर पॅसेंजरच्या वाट्याला येतो. मग पॅसेंजरमुळे पुढच्या स्टेशनवर तिसरी गाडी अडकते.

खरा बिघाड असतो तेव्हा तो बऱ्याचदा ॲक्सल काउंटरचा असतो. टप्प्यात शिरताना आणि बाहेर पडताना गाडीच्या आसांची मोजणी होते. दोन्ही आकडे जुळले तरच टप्पा मोकळा धरतात. मोजणी चुकली तर रूळ रिकामा असूनही यंत्र तो भरलेला दाखवतं. मग खात्री करून, नोंद करून ते रीसेट करावं लागतं. यात वेळ जातो, पण गाडी सुरक्षित असते.

पुणे–मिरज दुहेरीकरणानंतर तिकडून गाड्या मोकळ्या येतात आणि मिरजेच्या पुढे अडकतात. म्हणूनच मिरज–कोल्हापूर दुहेरीकरणाची मागणी जोर धरून आहे. ती रास्त आहे. त्यात खर्चाचा आणि वेळेचा मोठा भाग पंचगंगा आणि कृष्णेवरच्या नव्या पुलांचा असेल.

पुण्याला बस लवकर पोचते, मग रेल्वे इतका वेळ का घेते?

अंतरामुळे. महामार्गाने पुणे साधारण २३० किलोमीटर, रेल्वेने सव्वातीनशेच्या वर. रेल्वे कोल्हापूरहून आधी पूर्वेला मिरजेपर्यंत जाते, मग सांगली, कराड, सातारा, लोणंद, नीरा करत वर चढते. आदर्की आणि शिंदवण्याचे घाट आहेत, तिथे वेग कमीच राहतो. शिवाय साताऱ्याचं स्टेशन शहराबाहेर आणि कराडचं ओगलेवाडीला, त्यामुळे मधल्या प्रवाशांनाही बस बरी वाटते. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर–पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस सुरू झाली. गाडी वेगवान असली तरी वळणं आणि घाट तेच आहेत. रात्रीच्या प्रवासात, सामान जास्त असेल तर किंवा बरोबर म्हातारी माणसं असतील तर रेल्वेच बरी. दिवसा काम उरकून परतायचं असेल तर आधी वेळापत्रक बघून ठरवावं.

पुरात गाडी कधी बंद होते?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पण रेल्वे हा आकडा बघून बंद होत नाही. रुकडी आणि वळिवड्याच्या मधल्या पंचगंगा पुलाच्या खांबावर रेल्वेची स्वतःची धोक्याची खूण रंगवलेली असते. पाणी तिथे पोचलं की वाहतूक थांबते. २०१९ आणि २०२१ मध्ये बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा मार्ग बंद राहिला. त्याच दिवसांत शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता, म्हणून कोल्हापूरला दोन्हीकडून वाट उरली नव्हती.

पाणी ओसरलं की लगेच गाडी का सुटत नाही, हा प्रश्न दरवेळी येतो. वरून रूळ कोरडा दिसला तरी धोका खाली असतो. पुराच्या लोंढ्याने खांबाच्या पायाभोवतीची माती खरवडून जाते. म्हणून आधी खांबांजवळ खोली मोजतात, गर्डरचे बेअरिंग जागेवर आहेत का बघतात, ओंडके आणि जलपर्णी अडकली असेल तर काढतात. पुलाच्या दोन्ही टोकांचा भराव सगळ्यात आधी खचतो, त्यामुळे तिथे जास्त वेळ लागतो. मग रिकामं इंजिन किंवा मालगाडी पाठवतात, आणि प्रवासी गाडी सुरुवातीला फार कमी वेगाने सोडतात.

जुलै-ऑगस्टमध्ये आरक्षण असेल तर गाडी मिरजेहून सुटण्याची तयारी ठेवावी. अशा वेळी मिरजेला जाण्याचा रस्ता सुरू आहे का, ते गाडीच्या वेळेच्या आधी पाहावं. गाडी रद्द झाल्याचा किंवा मिरजेतून सुटण्याचा संदेश आरक्षणाच्या मोबाईलवर येतो, म्हणून एजंटाचा नव्हे तर स्वतःचा नंबर द्यावा. कोल्हापूर शहरात परीख पुलाखाली मोठ्या पावसात पाणी साचतं. राजारामपुरीतून स्टेशनला येणाऱ्यांनी तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

वळिवड्याला परदेशी लोक राहत होते म्हणतात, खरं का?

खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरियात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे भारतात आली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत होती. छावणीसाठी ही जागा सोयीची ठरली, त्यात रेल्वेजवळ असण्याचा वाटा होता. माणसं आणि शिधा दोन्ही रेल्वेने येत. ते गेल्यावर फाळणीतले सिंधी निर्वासित तिथे वसले आणि आजचं गांधीनगर झालं. पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.

विद्युतीकरणाने काय बदललं?

मिरजेत किंवा पुण्यात इंजिन बदलायची गरज राहिली नाही, विजेचं इंजिन थेट कोल्हापूरपर्यंत येतं. थांब्यानंतर गाडी लवकर वेग घेते, याचा फायदा पॅसेंजरला जास्त. गावकऱ्यांनी मात्र एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तारेला न शिवताही झटका बसतो. डब्याच्या टपावर चढू नये, फलाटावर लांब काठी किंवा पाईप उभा धरू नये. गळीत हंगामात उसाची ट्रॉली फाटकाच्या कमानीखालून जात नसेल तर जबरदस्ती करू नये. ऊस उतरवून भार कमी करावा. कमान वाकवून पुढे गेलात तर वर तार आहे.

वैभववाडी मार्गाचं काय?

कोल्हापूर–वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग कोल्हापूरला कोकण रेल्वेशी जोडणार. २०१६–१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तो आला. तो झाला तर कोल्हापूर शेवटचं स्टेशन राहणार नाही. अडचण आहे ती सह्याद्रीची.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि घाटाचा पायथा शंभर मीटरच्या आसपास. म्हणजे साडेचारशे मीटर उतरायचं. ट्रकला गगनबावड्याचा करूळ घाट पुरतो. रेल्वेला १०० मीटरला १ मीटर एवढाच उतार दिला तर नुसत्या उतरणीला ४५ किलोमीटर लागतात. कोकण रेल्वेसारखा दीडशेला एक ठेवला तर साडेसदुसष्ट. एवढी लांबी डोंगरात सरळ मिळत नाही, म्हणून बोगदे, वळसे आणि उंच पूल. उतार तीव्र केला तर बोरघाटासारखी मागून ढकलणारी इंजिनं लावावी लागतात आणि मालगाडीचा खर्च वाढतो. त्यात भूसंपादन, जंगलाची परवानगी आणि पावसाळ्यातल्या दरडी. तरीही बंदराशी जोडणी, साखर, फौंड्रीचा माल आणि कोळसा यांचा विचार केला तर हा मार्ग व्हायलाच हवा.

इचलकरंजी आणि बेळगावला थेट रेल्वे?

हातकणंगले–इचलकरंजी हे अंतर आठ किलोमीटरच्या आसपास आहे. हा फाटा जुन्या मागण्यांपैकी एक. निपाणी-संकेश्वरमार्गे बेळगावचीही मागणी आहे. आज बेळगावला रेल्वेने जायचं तर मिरजेचा वळसा पडतो, रस्त्याने ११० च्या आसपास असलेलं अंतर १८० च्या पुढे जातं.

जुना रूळ किंवा कागद सापडला तर काळ कसा ओळखायचा?

रुळाच्या उभ्या बाजूवर उठावाची अक्षरं असतात. ब्रशने गंज झाडून, तिरपा उजेड पाडून वाचावीत. कारखान्याचं नाव, वजन आणि वर्ष अशा क्रमाने माहिती मिळते. वजन यार्डामागे पौंडांत असेल तर रूळ जुना, मीटरमागे किलोत असेल (५२ किंवा ६०) तर अलीकडचा. वर्ष रूळ बनल्याचं असतं, टाकल्याचं नव्हे. जुने मीटर गेजचे रूळ पुढे कुंपणाला आणि खांबांना वापरले गेले, त्यामुळे ते स्टेशनच्या आवारात शोधावेत, चालत्या मार्गावर नाही. रुळांवर विनापरवाना फिरणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे.

कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय. संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल आधी मागवावेत, त्यात रेल्वेचं उत्पन्न आणि खर्च वेगळा मिळतो. ते इंग्रजीत आहेत. दप्तरातली जुनी पत्रं मोडी लिपीत असू शकतात, वाचक बरोबर न्यावा. शोधताना 'जयसिंगपूर' सापडलं नाही तर 'शिरोळ रोड' पाहावं. अंतरं मैल आणि साखळीत दिलेली असतात. ८० साखळ्यांचा एक मैल आणि ६६ फुटांची एक साखळी, म्हणजे २० मीटरहून थोडी जास्त. मैलाचा आकडा १,६०९ ने गुणून त्यात साखळ्यांचे मीटर मिळवले की जुना पूल किंवा मोरी आजच्या नकाशावर कुठे येते ते काढता येतं. मोजणी कोणत्या टोकापासून सुरू केली आहे, हे मात्र नकाशाच्या कोपऱ्यात आधी पाहून घ्यावं.